घराघरांतील चित्रफिती आणि आपण

खानदेशातल्या कोणत्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढून पाहिले, तर पितळी हंडे, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि केव्हाच्या तरी लग्नातले पाट यांच्या मागे पुठ्ठ्याचा एक खोका हमखास सापडतो. त्यात लग्नाच्या कॅसेटी असतात. डब्यावर वधूवरांची नावे, तारीख आणि कोपऱ्यात गणपतीचे चित्र. या कॅसेटी कोणी टाकून देत नाही आणि कोणी पाहतही नाही. टाकवत नाहीत, कारण त्यांत आपली माणसे आहेत. पाहता येत नाहीत, कारण त्या लावायचे यंत्र घरातून केव्हाच गेले. दिवाळीच्या साफसफाईत खोका खाली येतो, धूळ पुसली जाते आणि तो पुन्हा वर जातो.

या लेखात मला त्या खोक्याविषयी लिहायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने कॅमेरा, केबल आणि संगणक यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे काही जणांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या उन्हाळ्यात त्या भानगडीत सापडल्यावर माझे असे मत झाले आहे की, हे काम मुळात आपलेच आहे, आणि आपण ते केले नाही तर दुसरे कोणी करील अशी चिन्हे नाहीत.

आधी थोडा इतिहास सांगते. व्हीएचएस कॅसेट जपानात १९७६ साली आली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यानंतर व्हीसीआर हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. बॅंड आणि मंडप यांच्याबरोबर ‘व्हिडिओ शूटिंग’ हाही लग्नाच्या खर्चातला एक रकाना झाला. १९८५ मध्ये आठ मिलिमीटरची छोटी कॅसेट निघाली आणि कॅमेरा एका हातात मावू लागला. पुढे १९९५ साली मिनी डीव्ही आणि १९९९ साली डिजिटल-८ आली. वीस-पंचवीस वर्षांत इतके प्रकार झाले, आणि एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात सहसा बसत नाही. २०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. तो बनवणारी ती शेवटची मोठी कंपनी होती. २०१९ साली युनेस्को आणि ध्वनी-चित्र संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना दिली. फिती अजून टिकून असतील, पण त्या वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे मिळेनाशी होत आहेत, असा तिचा मथितार्थ होता. ती सूचना मोठ्या संग्रहालयांसाठी होती हे खरे. पण माळ्यावरच्या खोक्याला ती अधिकच लागू पडते, कारण त्याला ना वातानुकूलित खोली, ना कोणी राखणदार.

आता घरची गोष्ट. माझ्या आत्याचे लग्न १९९७ साली धुळ्याला झाले. त्या लग्नाची दोन चित्रणे आमच्याकडे आहेत. एक, पैसे देऊन बोलावलेल्या शूटिंगवाल्याचे. तीन तासांची, रीतसर संकलन केलेली व्हीएचएस कॅसेट. दुसरे, काकांनी एका मित्राकडून मागून आणलेल्या हॅंडीकॅमवर केलेले. छोट्या कॅसेटीवरचे, नव्वद मिनिटांचे, हलणारे आणि जागोजागी अंधारलेले. पहिले सगळ्या नातेवाइकांनी कौतुकाने पाहिले. दुसरे ‘काकांचा उद्योग’ म्हणून बाजूला पडले.

शूटिंगवाल्याच्या कॅसेटीत हळदीचा प्रसंग आहे. आमची आजी, जिला आम्ही मोठी माय म्हणत असू, बायकांच्या मधोमध बसली आहे, तिचे ओठ हलताहेत, भोवतालच्या बायका तिच्यामागून गाताहेत. ऐकू येते ते मात्र त्या वर्षीचे एक सिनेमातले गाणे. चित्र मोठ्या मायचे, आवाज भलत्याच बाईचा! मोठी माय २०११ साली गेली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिच्या लुगड्याचा काठ मला आठवतो, हातावरचे गोंदण आठवते; आवाज मात्र आठवत नाही. ती अहिराणी गाणी म्हणत असे, एवढे घरात सगळे सांगतात. कोणती, ते कोणालाच सांगता येत नाही.

यात शूटिंगवाल्याने काही पाप केले असे मी म्हणणार नाही. तेव्हा रीतच तशी होती. साध्या व्हीएचएस कॅसेटीत आवाजाची पट्टी फितीच्या कडेने वेगळी जाते; त्यामुळे चित्राला धक्का न लावता जुना आवाज पुसून त्या जागी दुसरा घालता येतो. आठ मिलिमीटरच्या कॅसेटीचे तसे नाही. तिच्यात नेहमीचा आवाज चित्राबरोबरच, त्याच फिरत्या हेडने, त्याच तिरक्या रेघांत लिहिलेला असतो. तो पुसायचा तर चित्रही पुसावे लागते. हे एका जुन्या मेकॅनिककाकांनी सांगितले, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काकांची ती टाकाऊ कॅसेट जर शाबूत असेल, तर तिच्यात मोठ्या मायचा आवाज असलाच पाहिजे. प्रश्न होता तो बाहेर काढायचा कसा.

मित्राचा हॅंडीकॅम केव्हाच मोडीत गेला होता. चौकशी करता करता नाशिकच्या एका नातलगांकडे डिजिटल-८ कॅमेरा मिळाला. या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनी आठ मिलिमीटरची कॅसेटही चालते, आणि चित्र अंकरूपात होऊन फायरवायर नावाच्या केबलीतून संगणकाकडे जाते. ही केबल घेणारी जागा आजच्या लॅपटॉपना नसते. ॲपलने तर २०२५ मध्ये आपल्या नव्या प्रणालीतून तिचा आधारच काढून टाकला. म्हणून जळगावात एक जुना डेस्कटॉप आणि त्यात बसणारे फायरवायर कार्ड असे दोन्ही मिळून हजार-दीड हजारात मिळवले, आणि मी नि माझा धाकटा भाऊ कामाला लागलो. पुढचे अकरा दिवस आम्ही चुका करण्यात घालवले. त्या चुका येथे मुद्दाम सांगते, कारण माझे मत त्यांतूनच तयार झाले.

पहिली अडचण अशी की, संगणकाला कॅमेरा दिसेचना. आम्ही सॉफ्टवेअरला दोष दिला, ते काढून दुसरे घातले, मग तिसरे घातले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी लक्षात आले की, कॅमेऱ्याची कळ चित्रण करण्याच्या जागी होती. ती कॅसेट वाजवण्याच्या जागी सरकवायला हवी होती. कळ सरकवली आणि पहिल्याच सॉफ्टवेअरने कॅमेरा ओळखला.

दुसरी अडचण, चित्र अडखळत उतरू लागले. शेकडो फ्रेम गळाल्याचे पडद्यावर दाखवले जात होते. आम्ही पुन्हा सॉफ्टवेअर बदलायला निघालो होतो. वस्तुतः गोष्ट साधी आहे. कॅसेट कोणासाठी थांबत नाही. कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेम पाठवतो, मग संगणक तयार असो वा नसो. संगणकाचे हात दुसऱ्या कामात गुंतले असले, की तेवढ्या फ्रेम खाली पडतात आणि त्या पुन्हा उचलता येत नाहीत. आम्ही काय केले होते? उतरवता उतरवताच फाईल लहान करायची, हा आयता पर्याय तसाच ठेवला होता. फाईल बाहेरच्या डिस्कवर, मंद जोडणीतून लिहीत होतो. वर व्हायरस शोधणारे सॉफ्टवेअर मागे चालूच होते. एकेक गोष्ट बदलत गेलो. फाईल लहान न करता आहे तशी घेतली, आतल्या डिस्कवर घेतली, इंटरनेट बंद केले. गळती थांबली.

तिसरी अडचण सर्वांत शिकवणारी होती. कॅसेट सुरुवातीपासून लावली, की एकोणिसाव्या मिनिटाच्या पुढे-मागे उतरवणे आपोआप बंद पडे. दोनदा झाले, तिसऱ्यांदाही झाले. भाऊ म्हणाला, “ताई, फीत तिथेच खराब आहे.” आणि तो कॅसेटीचे स्क्रू उघडायला बसला. मी म्हटले, थांब, आधी चाळिसाव्या मिनिटापासून लावून पाहू. लावली. पुन्हा एकोणीस मिनिटांनी, म्हणजे एकोणसाठाव्या मिनिटाशी, काम बंद! याचा अर्थ फीत निर्दोष होती. मोजणी संगणकाच्या बाजूने होत होती. या पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. आमची डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेली होती आणि तिच्यात ४ जीबीहून मोठी फाईल मावत नाही. तेरा जीबीला एक तास, तर चार जीबीला किती मिनिटे, हे सातवीतले त्रैराशिक! डिस्क एनटीएफएस पद्धतीने नव्याने आखली आणि नव्वद मिनिटे सलग उतरली. भावाने स्क्रू उघडले असते, तर चांगली फीत आम्ही आमच्या हातांनी बिघडवली असती.

व्हीएचएस कॅसेटीसाठी शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला आणि यूएसबीला लावायचे एक स्वस्त यंत्र घेतले. चित्र काळे-पांढरे आणि वर सरकणारे दिसू लागले. यंत्र अमेरिकन पद्धतीवर, म्हणजे ५२५ रेघा आणि सेकंदाला जवळजवळ तीस फ्रेम, असे लावलेले होते. आपली पाल पद्धत ६२५ रेघा आणि पंचवीस फ्रेमची. यादीतून पाल निवडल्याबरोबर आत्याच्या शालूला रंग आला. मग ओठ आणि आवाज यांची फारकत होऊ लागली. येथेही घाई न करता नुसते पाहत बसल्यावर फरक कळतो. फारकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर आवाज तेवढा एकदा मागेपुढे सरकवला की पुरते. हळूहळू वाढत जात असेल, तर चित्र आणि आवाज मोजणारी दोन घड्याळे जुळत नाहीत असे समजावे. आणि अचानक उडी मारून वाढत असेल, तर त्या जागी फ्रेम गळाल्या आहेत. पुन्हा उतरवण्यावाचून इलाज नाही. याशिवाय संगणकावर पाहताना हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. आम्ही त्या घालवायला निघालो होतो. पण तो दोषच नव्हे. जुन्या पद्धतीत एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत विभागून लिहिलेली असते, ती दोन अर्धी एकदम दिसली की दाते दिसतात. जपून ठेवायच्या प्रतीत ते तसेच राहू द्यावेत.

या अकरा दिवसांत मी काय शिकले ते थोडक्यात सांगते. फीत, यंत्र, केबल, संगणक आणि शेवटी सॉफ्टवेअर, अशी ही साखळी आहे. दोष शोधायचा तो फितीपासून, याच क्रमाने; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. आम्ही नेमके उलट करत होतो. सॉफ्टवेअर डोळ्यांपुढे असते आणि बदलायला सोपे असते, म्हणून सगळा राग त्याच्यावर. आमच्या एकाही अडचणीचे मूळ सॉफ्टवेअर बदलून सुटण्यासारखे नव्हते. मराठीच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना सर सांगतात, की ओळ लागत नसेल तर आपल्या बुद्धीने ती दुरुस्त करू नका. आधी प्रत पाहा, लेखनिकाची सवय पाहा, दुसरी प्रत पाहा. परीक्षेपुरते पाठ केलेले ते वाक्य मला या खटपटीत पहिल्यांदा समजले. म्हणूनच मी म्हणते, हे काम आपले आहे.

फितीची काळजी हीही त्यातच आली. आमची कॅसेट पत्र्याखालच्या माळ्यावर पंचवीसहून अधिक उन्हाळे राहिली. जळगाव-धुळ्याचा मे महिना कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. अशी कॅसेट खाली आणून लगेच यंत्रात घालू नये. एक दिवस घरात राहू द्यावी. झडप उचलून फितीवर पांढरी बुरशी दिसते का ते पाहावे. दिसली तर ती मुळीच लावू नये, नाहीतर यंत्राचे हेडही जाते. नकळत वरून काही चित्रित होऊ नये म्हणून तिचे कुलूप सरकवावे. व्हीएचएसची मागची चिपटी मोडावी. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे ताण सारखा होतो. आणि सगळी जुळवाजुळव दुसऱ्या, बिनमहत्त्वाच्या कॅसेटीवर आधी करून पाहावी. जुनी फीत प्रत्येक वेळी वाजेलच असे नाही. पहिली वेळ हीच शेवटची समजून तयारी असावी.

असो. नव्वद मिनिटे उतरल्यावर त्याच रात्री आम्ही हळदीचा प्रसंग लावला. काकांनी कॅमेरा एका कोपऱ्यात धरून ठेवलेला. आधी भांड्यांचा आवाज, मग कोणीतरी हळद कमी पडल्याची तक्रार करते, कोणी म्हशीच्या धारेला उशीर झाल्याचे सांगते, एक मूल रडते. आणि मग मोठी माय गाऊ लागते. आवाज बारीक, थोडा घोगरा, मध्ये दम घेणारा. बाबा दारात उभे होते, ते आत आले नाहीत. शेवटच्या कडव्याला बाहेर बॅंड सुरू झाला आणि पुढचे शब्द त्यात बुडाले.

मोठ्या मायची धाकटी बहीण शिंदखेडा तालुक्यात राहते. रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. तिला कमी दिसते. गाणे सुरू होताच ती म्हणाली, “हाई तं आक्का शे!” आणि बॅंडमध्ये शब्द बुडाले त्या ठिकाणापासून पुढचे कडवे तिने स्वतः म्हटले. ते गाणे त्यांच्या आईचे. ते हळद लावताना म्हणायचे नसून हळद उतरवताना म्हणायचे, आणि आक्काने ते चुकीच्या वेळी म्हटले म्हणून त्या दिवशी बहिणीबहिणींत रुसवा झाला होता, हेही तिने सांगितले. आम्ही सगळे लिहून घेतले. फितीत नसलेले एक कडवे फितीमुळे मिळाले. दोन वर्षांनी गेलो असतो, तर मिळाले असते की नाही, कोण जाणे.

आता माझ्या मताचा दुसरा भाग. संकलन म्हणजे काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवणे. १९९७ साली मोठ्या मायचे गाणे रोजचे होते, म्हणून त्याला किंमत नव्हती. सिनेमाचे गाणे नवे होते, म्हणून ते घातले. आज ते सिनेमाचे गाणे कोठेही क्षणात मिळते, आणि मोठ्या मायचे जगात एकाच ठिकाणी होते. संकलन करणाऱ्याला त्या दिवशी हे कळणे शक्य नव्हते. म्हणूनच नियम असा असावा की, आधी मुळाबरहुकूम एक प्रत काढायची, तिला कात्री लावायची नाही, तिचा आवाज बदलायचा नाही. मग दुसऱ्या प्रतीवर वाटेल ते करावे.

शूटिंगवाल्याला हसण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. रात्रभर बायका गातात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या कितीतरी जणींनी मोबाइलवर ते चित्रण केले, तीस सेकंदांचे तुकडे केले, त्यांवर त्या आठवड्यात चाललेले गाणे चढवले आणि मूळ चित्रण जागा अडते म्हणून पुसून टाकले. त्यांत मीही होते. म्हणजे १९९७ च्या शूटिंगवाल्याने जे केले तेच आम्ही केले. त्याची कॅसेट निदान माळ्यावर राहिली, आमची तेवढीही राहिली नाही.

आपल्या मातीत याच्या उलट वागलेली माणसे होऊन गेली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे त्यांनी मिळवली, वाचली आणि छापली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, असे बावीस खंड झाले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यालाच वारले आणि पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून आणलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात सांभाळली गेली. ज्यांच्या घरी ती दफ्तरे होती त्यांना ती रद्दीच वाटत होती. आमच्या पिढीच्या घरातली दफ्तरे म्हणजे या कॅसेटी. आणि बहिणाबाई तर आपल्या जळगावच्याच. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून ठेवली, म्हणून १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघू शकले. कोणी लिहून घेतलेच नसते तर? आज विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या एका घरापुरत्या राहिल्या असत्या.

२०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली आपली भाषा सांगणारे लोक साडेअठरा लाखांच्या वर आहेत. म्हणजे अहिराणी मेलेली नाही. पण जुन्या बायकांची अहिराणी, तिचे हेल, तिच्या शिव्या, तिची लग्नातली थट्टा, ही पुस्तकात फारशी नाही. ती या कॅसेटींत, मागच्या बाजूला, कोणाचे लक्ष नसताना उमटलेली आहे.

साधने नाहीत ही सबब पटण्यासारखी नाही. धुळ्याहून आग्रा रस्त्याने तासाभरावर मालेगाव आहे. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या मित्रांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. कॅमेरा सरकवायला गाडी नाही म्हणून सायकल वापरली. त्यांच्या खटपटीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला आणि तो देशाबाहेरही पाहिला गेला. ते लोक अख्खा सिनेमा उभा करतात; आपल्याला फक्त एक कॅसेट नीट उतरवून घ्यायची आहे.

कोणी म्हणेल, दुकानात दिले की काम होते. जरूर द्यावे, पण काय मागायचे ते ठाऊक हवे. “डीव्हीडी करून द्या” एवढेच सांगितले, तर तीन तास दाबून एका तबकडीत बसवून मिळतात. “न कापता, मूळ आवाजासह, मोठी फाईल द्या, आणि मूळ कॅसेट परत द्या,” असे सांगावे. दुसरे कोणी म्हणेल, घरच्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे. उतरवणे वेगळे आणि जगाला दाखवणे वेगळे. चित्रणातल्या बायकांना विचारल्याशिवाय ते घराबाहेर जाऊ नये. मोठ्या मायचे गाणे मी येथे छापलेले नाही, त्याचे कारणही तेच. तिच्या बहिणीने अजून ‘हो’ म्हटलेले नाही.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक विनंती. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक टेबल द्यावे. त्यावर एक चालू व्हीसीआर, आठ मिलिमीटरचा एक कॅमेरा, एक जुना संगणक आणि एक नोंदवही. कोणाची कॅसेट, कोणते गाव, कोणते वर्ष, कोण गात आहे, हे वहीत लिहायचे. कॅसेट नि एक प्रत घरच्यांना द्यायची, दुसरी प्रत त्यांची परवानगी असेल तरच ठेवायची. मराठीच्या मुलांनी गाणी उतरवून घ्यावीत, इतिहासाच्या मुलांनी माणसे विचारून घ्यावीत. आमचा सगळा खर्च अडीच हजारांच्या आत झाला. स्नेहसंमेलनाच्या एका कमानीलाही याहून जास्त लागतात.

आमचा तो जुना संगणक अजून चालू आहे आणि कॅमेरा नाशिकला परत करायला दिवाळीपर्यंत मुदत आहे. ज्यांच्या माळ्यावर खोका असेल त्यांनी तो खाली उतरवावा, आणि या वेळी धूळ पुसून पुन्हा वर ठेवू नये.